सुमनचं करवतकाठी लुगडं

जुने कपडे कशाला सांभाळायचे म्हणता? मग हे ऐका. ऐंशी सालाच्या आसपास मी मोहाडीला मुलींना शिवण आणि डिझाइन शिकवत होते. सगळ्या पोरी सिनेमातल्या हिरोइनचेच ब्लाउज वहीत काढायच्या. मी म्हटलं, "घरातले जुने कपडे आणा गं. त्यांतून नवा नमुना सुचतो."

"ते तं कवाच भांडेवालीले देऊन भांडे घेतले, मॅडम!" पोरी हसल्या.

फक्त सुमन म्हणाली, "माया मायचं कोशाचं रेशमी लुगडं हाये. करवतकाठी." तिची आई वारली होती. मी हरखून म्हटलं, "उद्या आणशील?"

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हातानं आली.

"तुमाले दाखवाले पेटीतून काढून ठेवलं होतं. मी पाण्याले गेली, तं काकूनं भांडेवालीले देऊन टाकलं. भात शिजवाले स्टीलचा गंज घेतला."

मग तीच म्हणाली, "काठ मले पाठ हाये. काढून दाखवू?"

तिनं फळ्यावर करवतीसारखे चार दात काढले. खडू थांबला.

"पुढचं आठवूनच नाई राहिलं, जी."