पाटीची कोरी बाजू

कर्जतच्या फलाटावर सुनीतीबाई मास्तरीण खोपोलीच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. बाकावर शेजारीच खालापूरकडचं एक सुतार जोडपं होतं, मुंबईचा अजबखाना बघून परतलेलं. दोन्ही पोरी आईला टेकून पेंगत होत्या.

"बायजे, पोरींदेखत शिपायानं भाइर काढलं आपल्याला!"

"गलबताला हात लावला म्हणून? माझ्या खापरपणज्यानं, धाकलू सुतारानं, आपल्या रानातल्या सागाची तसली गलबतं आंग्र्यांना बांधून दिली. मी नाय लावायचा, तर कुणी लावायचा?"

"अगं, ते काय खरं गलबत व्हतं? पाळण्याएवढं तर व्हतं."

"मग त्याच्यावरची पाटी तरी खरी कशावरनं? त्या बाबूनं वाचून दावली ना, चाच्यांचं गलबत. चाचे म्हंजे काय, इचारलं, तर म्हणं दर्यावरचे दरोडेखोर!"

"सायबानं लिवलंय. आपुन काय करणार?"

"दर्या कुणाचा व्हता, ते नाय लिवलं सायबानं."

"हळू बोल गं, लोकं ऐकतात."

"ऐकू द्या की. अवं बाई, तुमच्यापाशी पेन हाय का?"

सुनीतीबाई दचकल्या. "आहे. का हो?"

बायजानं पदराखालून इंग्रजी अक्षरांचा पुठ्ठा काढला.

"अगं, ही त्यांची पाटी! चोरलीस?"

"दरोडेखोराच्या घरातली ना मी! बाई, मागची बाजू कोरी हाय. तितं लिवा, धाकलू सुताराचं गलबत. म्होरल्या ऐतवारी परत लावून येते."

सुनीतीबाईंनी पेनचं टोपण काढलं. "मराठीत लिहू, की साहेबाला वाचता येईल असं?"

"सायबाला येईल असंच लिवा. आमाला ठावं हाय."