शिपायाच्या वंशातले

(सोनईजवळची वस्ती. एलिया कांद्याच्या चाळीपुढं बसून सडके कांदे निवडतोय. पुतणी ग्रेस सावेडीहून आली आहे.)

ग्रेस : ...म्हणजे समुद्र ओलांडलाच नाही त्याने, काका! अमेरिकेतल्या जुन्या नोंदी तपासणाऱ्यांनी आज स्पष्ट कळवलंय.

एलिया : आधी बस. पानी पी. कोन न्हाई आला?

ग्रेस : जोसाया व्हीलर. आपला मूळपुरुष, तो शिपाई. ज्याच्या जिवावर पप्पा जन्मभर छाती पुढे काढून चालले, तो.

एलिया : ऋषीचं कूळ शोधू नये म्हनत्यात. तू तर शिपायाचं काढलंस.

ग्रेस : थट्टा नको. पिंपं बनवायचा तो. दोनशे वर्षांपूर्वी तिकडे अमेरिकेत इंग्रज चालून येणार अशी आवई उठली, तेव्हा गावच्या फौजेत गेला. फौज कसली! शेतकरी, सुतार, घरच्या बंदुका घेऊन किनाऱ्यावर बसले. इंग्रज आलेच नाहीत. मग घरी जाऊन पेरण्या केल्या.

एलिया : लई शहानी मानसं.

ग्रेस : दोन मुली होत्या त्याला. त्याही कधी इकडे आल्या नाहीत. मग आपण व्हीलर कसे? ...काका, माझ्याकडे बघा. तुम्हाला ठाऊक होतं?

एलिया : व्हय.

ग्रेस : आणि मी दोन वर्षं डोकं फोडत बसले!

एलिया : सव्वाशे वरसांमागं, संवत छपन्नच्या दुष्काळात मिशनच्या बोर्डिंगात पोरं आनली. तिकडून ज्यानं पोराचा खर्च उचलला, त्यानं सांगितलेलं नाव पोराला. शिपाई मरून लई वरसं झाल्ती. त्याच्या नातीनं त्याच्या आठवनीत एक पोरगं पोसलं. त्यो माझा आजा, तुझा पनजा. रगत न्हाई पोरी. नुसतं नाव.

ग्रेस : मग पप्पांना हे वंशाचं कुणी सांगितलं?

एलिया : आज्यानंच. दादा शाळेतून रडत आला. पोरं म्हनली, तुमी रस्त्यावरून उचललेली, तुमाला ना गाव ना गोत. आज्याला सोसंना. म्हनला, तू शिपायाच्या वंशातला, मान वर कर. दादानं मान वर केली ती आजपतुर खाली न्हाई. मी धाकला, आज्यासंगं शेळ्या राखायचो. मला त्यानं खरं सांगितलं. मी म्हनलं, दादाचं सुख कशाला मोडा?

ग्रेस : त्यांचं आता काही खरं नाही, काका. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. डोळे उघडले की एकच विचारतात, शिपाई सापडला का. थडग्याच्या दगडावर तेच कोरायचंय त्यांना. मी शब्द देऊन बसलेय.

एलिया : दे मंग कोरून.

ग्रेस : खोटं? त्यांच्याच दगडावर? त्यापेक्षा खरं कूळ शोधते. गाव कुठलं आपलं? सांगा ना!

एलिया : कुठं शोधती? नेवाशाच्या रस्त्याला, मेलेल्या बाईपाशी सापडला आजा. आई का आनखी कोन, ते बी ठावं न्हाई. आज्यानं सोता कमी धुंडलं व्हय? बाजाराच्या दिवशी परक्या गावात जाऊन नुसता हुबा राहायचा. कुनीतरी तोंडावळा वळखंल म्हनून. घोडेगाव, शेवगाव, पार पैठनपतुर. म्हातारा झाला. कुनी वळखलं न्हाई.

ग्रेस : आधीचं नाव तरी?

एलिया : बोर्डिंगात इचारलं हुतं. नाव काय रं? तर म्हनला, भाकर. आईचं नाव? भाकर. गाव? तरी भाकरच. दुसरा शब्दच न्हवता पोरापाशी.

ग्रेस : ...मी घरी जाऊन पप्पांना काय सांगू, काका?

एलिया : काय बी सांगू नगं. उशाला बस. जेवला का, एवढं इचार.

ग्रेस : त्यांना आता गिळवत नाही.