गलबतावरचा पांढरा थर

अध्यक्षस्थानी असलेल्या आदरणीय सावित्रीताई, आजचे सत्कारमूर्ती सुजयदादा, मालगुंडहून मुद्दाम आलेल्या त्यांच्या भगिनी सगुणाताई, वाचनालयाचे सर्व पदाधिकारी, आणि पंखे पुरत नसूनही जागा न सोडणाऱ्या श्रोत्यांनो,

सुजयदादा उद्या नाटे या आपल्या गावी, तिथल्या घरी, कायमचे राहायला जात आहेत. त्यांना निरोप देण्याचे काम आमच्या मंडळाने माझ्यावर सोपवले. मंडळ म्हणजे पाच माणसे. जहाजावरची नोकरी संपवून आलेले दादा, औषधांचे दुकान चालवणारे विनीत, दातांची डॉक्टर अक्षया, बँकेतला रितेश आणि मी, ज्ञानेश्वरी. या वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही दर रविवारी अंगठ्याएवढ्या धातूच्या मूर्ती रंगवतो. जुन्या काळातले खलाशी, तोफा डागणारे गोलंदाज, खलाशांचे म्होरके तांडेल. पागोट्याच्या घड्या, शेल्याचा काठ, तोफेला बत्ती देणाऱ्याच्या बोटांवरची काजळी. यातून काय मिळते, असे लोक विचारतात. मान आखडते, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

आमच्याकडे दादांनी घालून दिलेला एक नियम आहे. आपण रंगवलेल्या मूर्तीचे डोळे आपण रंगवायचे नाहीत, ते दुसऱ्याने रंगवायचे. "आपलं माणूस तिरळं झालं तरी आपल्याला दिसत नाय," असे ते म्हणतात. त्यामुळे आमची एकही मूर्ती कुणा एकाची नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे झाले ते याच्यामुळे जास्त लागले.

गेल्या पावसाळ्यात आमचे मोठे काम पूर्ण होत आले होते. अख्खे गलबत, त्यावरच्या माणसांसकट. आठवड्यावर जिल्ह्याचे हस्तकला प्रदर्शन आले होते. रंगावर शेवटचा संरक्षक थर द्यायचा राहिला होता. तो दोन प्रकारे देता येतो, ब्रशने किंवा फवाऱ्याने. फवारा झटपट होतो, पण पावसाळी हवेत मारला तर ओल धरतो आणि रंगावर पांढरे धुके बसते. रत्नागिरीत राहून हे ज्याला माहीत नाही, त्याने हा छंद करू नये. म्हणून मृगापासून दसऱ्यापर्यंत फवारा बंद, हे आमच्यात ठरलेले.

सोमवारी सकाळी विनीतनी कपाट उघडले, तर सगळे गलबत पांढरे. माणसांवर पीठ उधळल्यासारखे. शनिवारी संध्याकाळी ते चांगले होते. रविवारी पावसामुळे आमची बैठक झालीच नव्हती. खोलीची चावी दारामागच्या खिळ्याला असते आणि ते आम्हा पाच जणांनाच माहीत. फवाऱ्याचा डबा दादांच्या पिशवीतला, पिशवी कायम त्याच कपाटात.

कुणी केले? पाचही जणांचा हात ज्यात आहे ते काम आपल्याच हाताने कोण बिघडवील? विनीत म्हणाले, "दादांना प्रदर्शन नकोच होतं." ते खरे होते. गलबत हलवताना डोलकाठी मोडेल, असे ते म्हणत. मी त्यांना सरळ विचारले, "दादा, फवारा तुम्ही मारलात?"

ते म्हणाले, "डबा माझाच हाय गो."

हे उत्तर नव्हे, हे मला तेव्हाच जाणवले. तरी मी दुसरा प्रश्न विचारला नाही. त्यानंतर दादांनी एकेक मूर्ती घेऊन, ब्रशने नितळ थर देऊन, ते धुके उतरवायला सुरुवात केली. त्यानेच आमची खात्री पटली. रितेश हळूच म्हणायचा, "ज्याने केलं तोच निस्तरतोय. निस्तरू दे." अक्षया म्हणायची, "निदान लाज तरी आहे." प्रदर्शन हुकले. आम्ही दादांशी पूर्वीसारखेच गोड बोलत राहिलो. फक्त चावी खिळ्यावरून विनीतच्या खिशात गेली.

आज इथे येण्यापूर्वी चहा घेताना सगुणाताई सहज बोलून गेल्या, "गेल्या पावसात सुजय सानवीच्या बारशाला आला नि अडकलाच. एस.टी. बंद, दोन रात्री आमच्याकडे." सानवी ही त्यांची नात. कोणता रविवार, म्हणून मी विचारले. त्यांना वाटले, मला बाळाचे वय हवे आहे. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. दादांच्या मांडीवर बाळ, आणि खाली तारीख. तोच रविवार. मला पटेना. आदल्या दिवशी कधी आले, सोमवारी कधी निघाले, हेही मी विचारून घेतले. शनिवारी दुपारी आले, सोमवारी दुपारी निघाले. सगुणाताई, माफ करा, ती चौकशी बाळासाठी नव्हती.

मग मी दादांना गाठले. "तुम्ही तर मालगुंडला होतात."

"सगुणाने सांगितलंन वाटतं."

"मग आम्हाला का नाही सांगितलंत?"

"मी नाय म्हटलं असतं, तर तुम्ही चौघं एकमेकांच्या हाताकडे बघत बसला असतात. मंडळ दिवाळीपर्यंत तरी टिकलं असतं काय? मी काय, जाणारच होतो."

"कोणी केलं, ठाऊक आहे?"

"नाय. आणि शोधायला वेळ कुठं होता? अख्खं गलबत पुसायचं होतं."

दादा आत्ता मला हाताने खाली बसायला सांगत आहेत. दादा, थोडे थांबा.

माझ्या तयार भाषणाचा शेवट वेगळा होता. तो मी आता वाचू शकत नाही. सुजयदादांनी फवारा मारला नाही. म्हणजे तो विनीत, अक्षया, रितेश आणि मी, या चौघांपैकी कुणीतरी मारला. मी मारला नाही, असे मी सांगते. पण ते तुम्ही का मानावे? दादांचेही आम्ही कुठे ऐकून घेतले? बहुधा कुणाला तरी प्रदर्शनाची घाई झाली असेल. घाई समजू शकते. त्यानंतरचे गप्प राहणे मला समजत नाही, आणि मघापासून समोरच्या तीन चेहऱ्यांकडे मी ज्या नजरेने बघते आहे, ती मला आवडत नाही. पण ती आता जाणार नाही.

दादा, शाल न्या, श्रीफळ न्या, तुमचे ब्रश न्या. आमचा संशय मात्र तुम्ही नाट्याला नेऊ नका. तो आमचा आहे, तो इथेच राहील. येत्या रविवारी आम्ही चौघे त्याच्यासह बसू. मंडळ त्याने मोडायचे असेल, तर मोडेल.

अध्यक्षांनी वेळेकडे कानाडोळा केला आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतले, याबद्दल मी ऋणी आहे. सत्काराच्या प्रसंगी बोलू नये ते बोलले असेन, तर उदार मनाने पदरात घ्यावे. चहा मागच्या खोलीत ठेवला आहे. विनीत, चावी तुमच्याकडे आहे. दार उघडता का?