मागून उघडलेलं पुस्तक

लाव शर्त, तुला पटणार नाय! सुनंनं माझ्या नातीची पहिली इयत्ता शाळंत न घालता घरीच शिकवून केली. पुस्तकं, कविता, वेरूळची लेणी. मी निजामाच्या उर्दू शाळंत गेलेली, उर्दू उजवीकडनं वाचतात, म्हणून पुस्तक मागूनच उघडते. "असं का गं आजी?" नातीनं विचारलं, तर थाप मारली, "आधी शेवट बघावा."

दुसरीत नाव घालायला गेलो, तर हेडमास्तरांनी वाचायला पुस्तक दिलं, पोरीनं मागून उघडलं! सून पांढरी पडली.

"हिला पुस्तक धरता येत नाय?" मास्तरांनी विचारलं.

"येतं की! पण शेवटी वाघानं शेळी खाल्ली असंल, तर मी वाचतच नाय."

मास्तर हसले. पोरीनं अख्खी गोष्ट खडाखडा वाचली. दुसरीत घेतली!

बाहेर सून म्हणाली, "आत्याबाई, जीव गेला होता माझा."

म्हटलं, "शेवट गोड झाला ना?"

जा आता, चहा संपला.