पिवळी लेन्स

“माणूस असो की काच, आरपार दिसली तरच खरी!”

लाकडावर लेझरनं नक्षी कोरणाऱ्या कारागिरानं सुट्या भागांच्या दुकानात ही घोषणा केली, तेव्हा रांगेत मागे उभ्या असलेल्या निवृत्त मास्तरांनी आदरानं कान टवकारले.

“बाबा, मशीनमध्ये बसवलेल्या तुमच्या आरपार काचेचे कालच दोन तुकडे झाले,” कारागिराची मुलगी म्हणाली.

“पण ही लेन्स बघ की! कावीळ झाल्यासारखी पिवळी.”

“आपल्या लेझरचा किरण डोळ्यांना दिसत नाही. साधी काच म्हणजे त्याला भिंतच. तो तिच्यातच अडकतो आणि तिला तापवून फोडतो. हिच्यातून मात्र सरळ पलीकडे जातो.”

“आणि वर हा मुलामा कशाला?”

“किरण उलटा फिरू नये म्हणून. आणि शर्टाला पुसायची नाही हं, मुलामा जातो.”

“हे शहाणपण त्या मेकॅनिकनं शिकवलं ना तुला?”

“हो.”

“तुला मागणी घालायला आला आणि घुम्यासारखा बसला. मनात काय आहे, काही म्हणजे काही दिसेना. म्हणून नाही म्हटलं मी.”

“आणि काल मशीन बंद पडल्यावर धावत कोण आलं? तुमचं ‘नाही’ ऐकूनसुद्धा?”

या दोघांचं काही ठरेना, तेव्हा दुकानदारानं मास्तरांना पुढे बोलावलं. पुढचं ऐकायचं राहू नये म्हणून त्यांनी आपला नंबर मागच्याला देऊन टाकला.

“ही पिवळीच बांधून द्या,” कारागीर दुकानदाराला म्हणाला. मग मुलीकडे न बघता, “रविवारी घरी बोलव त्याला.”

“खरंच, बाबा?”

“हो. पण निदान हा चष्मा तरी शर्टाला पुसू दे मला. मघापासून सगळं धूसर दिसतंय.”