न पेटलेल्या राबाची नोटीस

चहा गार झाला तरी चालंल, आधी हे ऐक रं. भाताचं बी पेरायच्या आधी आमी त्या जागेवर पालापाचोळा पसरून भाजतो, तो राब. यंदा त्याच्यावरून मला नोटीस आली. राबाच्या धुरानं मी गावची हवा बिघडवली म्हणे!

अरे, मी अजून काडीसुद्धा ओढली नव्हती! झालं काय, हवा मोजणारी माणसं आली नि माझ्याच अंगणात यंत्र मांडलं. लाइट गेलेली. मग त्यांनी यंत्राला खेटूनच डिझेलचा जनरेटर लावला. दिवसभर नुसता भकाभका धूर. बायको खोकून खोकून बेजार. यंत्र तरी दुसरं काय सांगणार?

नोटीस घेऊन तडक खालापूरच्या कचेरीत गेलो. म्हटलं, "साहेब, राब पेटलाच नाय. चला, दाखवतो. पाला हाय तसा पडलाय."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, चूक कळली यांना.

"अहो, अहवाल वर गेलाय," साहेब म्हणाले. "सोमवारी वरचे साहेब पाहणीला येतायत. त्याच्या आत तेवढा राब भाजून घ्या!"