रागिणीच्या कपाटातली होडी

रागिणी : मोहसीनभाऊ, हे माझंच कपाट आहे ना?

मोहसीन : तुमचंच, ताई. अस्सल सागवान. एक एक फळी तुमच्या बाबांसमोर निवडली हाय.

रागिणी : मंग ते टीं-टीं काहून करून राहिलं?

मोहसीन : टीं-टीं?

रागिणी : आता केलं. घ्या, परत केलं.

मोहसीन : लाकूड हाय ना, ताई. उन्हाळ्यात बोलते थोडंसं.

नगमा : लाकूड नाई बोलत. मी मेली म्हणून वाजलं. तुमी दोघं येऊन उभे राहिले, माझं ध्यान गेलं, अन् दगड पडला होडीवर.

(बार्शीटाकळीतलं सुताराचं दुकान, पुढे रंधा चालतो, मागे घर. दोहोंच्या मधल्या जागेत रागिणीच्या आंदणाचं कपाट सालभरापासून उभं आहे, आणि त्याच्या दारात, आरशाच्या चौकटीत, आरशाऐवजी एका जुन्या कम्प्युटरचा पडदा उजळलेला आहे. पाळण्यातलं बाळ झोपलं की तेवढा वेळ मोहसीनच्या बायकोचा, नगमाचा असतो. आज तो नेमका मोडला.)

रागिणी : हे काय आहे, भाभी?

नगमा : गेम.

रागिणी : कपाटात?

नगमा : दारात. कपाटात कम्प्युटर आहे.

मोहसीन : ताई, तुमी बसा. नगमा, पानी आन.

नगमा : मी हालली का बाळ उठते. तुमीच आणा.

रागिणी : पाणी नको. बाहेर टेम्पोवाला कुलदीप उभा आहे. कपाट आजच तेल्हाऱ्याले, सासरी जाऊन राहिलं. येत्या सोमवारी लग्न आहे माझं.

मोहसीन : आजच?

रागिणी : बाबांनी निरोप धाडला होता ना.

मोहसीन : धाडला होता. लग्न ठरलं, असा. पण ताई, ठरलेलं तं ते मागच्या सालीही होतं अन् राहून गेलं, म्हणून मले वाटलं…

नगमा : काय वाटलं?

मोहसीन : काही नाई. थांबा, हे मी बंदच करून टाकतो.

नगमा : अहो, अशी वायर नका ओढू… झालं. मॅनेजरचं नाव आज खाली येणार होतं.

रागिणी : कोणता मॅनेजर?

मोहसीन : जिनिंगवाला. ताई, मी सांगतो तुमाले सारं. कपाटाची एक ऑर्डर नाई सालभरात. लगनंच नाई होऊन राहिले तं कपाट कोन सांगन? मंग मी कापसाच्या जिनिंगमधी खुर्च्या दुरुस्त करायले जाऊ लागलो. तं जिनिंगही बंद झाली. खुर्च्या नीट झाल्या अन् बसणारे गेले. मॅनेजर म्हणे, मोहसीनमियाँ, हा डब्बा घेऊन जा, भंगारवालाही हात लावत नाई.

नगमा : डब्बा नाई. डॉसचा कम्प्युटर आहे तो. धामणगावले क्लासमधी मी असल्याच कम्प्युटरवर शिकली. अर्धा कोर्स झाला अन् निकाह झाला.

मोहसीन : कम्प्युटर घरात आला तसं हिनं रोज काही टाइप करावं अन् त्यानं म्हणावं, चूक.

नगमा : बॅड कमांड म्हणे.

मोहसीन : तेच. मले वाटलं, चला, ह्या घरात आता आपल्याशिवायही कोणाचं चुकते.

रागिणी : अन् गेम?

नगमा : त्याच्यासोबत फ्लॉपी होती. कापूस आला नाई का तिथले लोक हेच खेळत असतील, नंबरांच्या यादीत सगळ्यात वर मॅनेजरचंच नाव आहे. पण कीबोर्डावर काय मजा येते? मी क्लासले जाय तेव्हा स्टेशनासमोर गेमचं दुकान होतं, उभं राहून खेळायचं. पोरंच खेळत. मी बाहेरून पाहे. म्हटलं, आता घरातच करू. कीबोर्ड खोलला, बाणांच्या बटणांच्या तारा बाहेर काढल्या, अन् दाराच्या घंटीची बटणं जोडली. हा दांडा डावीकडे लोटला का डावं बटण दबते, उजवीकडे लोटला का उजवं.

रागिणी : हा वरचा गोळा तं पाळण्याचा लट्टू आहे.

मोहसीन : पाळण्याचाच हाय. दुसरं कातता येत नाई असं नाई, पण हाताले तोच येते.

रागिणी : अन् माझ्याच कपाटात काहून?

मोहसीन : मुद्दाम नाई, ताई, खुदा कसम. मी तं फक्त ठेवून पाहिला. दार लावलं तं पडदा बरोबर चौकटीत आला. न बोलावता आला. मंग काढायचं जिवावर आलं.

रागिणी : हे पाहा, भाभी, मी दिसून राहिली ह्यात.

नगमा : बंद असला का दिसते.

रागिणी : काळी दिसते.

नगमा : सगळेच काळे दिसतात त्यात. आमचे हे तं दिसतच नाईत.

मोहसीन : ताई, तुमी फिकर नका करू. घंट्याभरात कपाट खाली करतो, दांडा बसवलेली ड्रॉवरची फळी बदलतो, मागं वायरचं भोक पाडलं त्याले बूच मारतो. फक्त आरसा तेवढा… आरसा तुमी आणला ना?

रागिणी : नाई.

मोहसीन : असं कसं? अब्बांच्या टायमापासून ह्या दुकानाचा नियम हाय. कपाट आमचं, आरसा पोरीच्या मामाचा. मामा घेऊन येते, आमी बसवतो, पोरगी पयले त्यात पाहते, मंग कपाट उंबऱ्याबाहेर जाते. हिंदू असो का मुसलमान. तुमच्या मामाले मी स्वतः माप दिलं होतं, ते तं म्हणे…

नगमा : अहो.

मोहसीन : काय?

नगमा : पेपरात आलं होतं ना. तुमीच वाचून दाखवलं मले.

मोहसीन : …हो. ते तेच व्हय का?

रागिणी : तेच. मामा गेला ती बातमी. नाव चुकीचं छापलं होतं. सहदेवचं सुखदेव केलं. आजी अजून म्हणते, तो दुसरा कोणी असन.

मोहसीन : माफ करा, ताई. मी माप दिलं होतं म्हणून म्हटलं.

रागिणी : त्याच्या खिशात सापडलं ते माप. तुमचं अक्षर आहे. चांगलं आहे अक्षर.

नगमा : रागिणी, ये, अठी स्टुलावर बस. बाळ झोपलं आहे तोवर खेळून पाह एकदा. लोडशेडिंगले, लाइन जायले थोडा वेळ आहे अजून. लावा हो वायर.

मोहसीन : अन् टेम्पो?

नगमा : टेम्पो कुठं जाते? कपाट अठी आहे.

रागिणी : काय विचारून राहिलं हे?

नगमा : तारीख. त्याच्या आतली बॅटरी मेली. रोज उठते अन् त्याले वाटते, एकोणीसशे ऐंशी साल आहे, जानेवारीची एक तारीख. मी रोज खरी सांगते, रोज विसरते.

मोहसीन : त्याच्या हिशोबानं तुमी दोघी जन्मालेच नाई आल्या. मी रांगून राहिलो.

रागिणी : ऐंशी साली मामा दहावीले होता. आज नका सांगू त्याले खरी तारीख. तीच राहू द्या.

नगमा : बरं. मंग नुसतं एंटर दाब. हं. आता ही खालची होडी तुझी. वरून दगड येतात, त्यातून काढायची.

रागिणी : कुठं न्यायची?

नगमा : कुठंच नाई. वाचवायची फक्त. डावीकडे. डावीकडे लोट, अगं लट्टू आहे, फुटत नाई!

रागिणी : मेली.

नगमा : सगळेच मरतात पयल्यांदा. परत.

मोहसीन : उजवीकडे, ताई! मोठा आला!

रागिणी : दिसून राहिला मले. तुमी ओरडू नका, बाळ उठन… निघाली. पाहा, निघाली! मामा असता ना, तं अठून उठला नसता. त्याले असलं लय आवडे. विहिरीवरचं इंजिन बिघडलं का मेकॅनिकले नाई बोलवायचा. स्वतः खोले, स्वतः जोडे, अन् दर वेळी एक नट उरे.

मोहसीन : अन् इंजिन?

रागिणी : चाले. नट डब्यात टाके. म्हणे, असे शंभर जमले का त्याचंच एक मशीन करतो. डबा आहे घरी. कोणी उघडत नाई.

मोहसीन : कुलदीपभाऊ भोंगा वाजवून राहिले.

रागिणी : वाजवू द्या. मेली परत.

नगमा : रागिणी, आरशाचं काय ठरवलं तुमी?

रागिणी : काका म्हणते, मी अकोल्याहून आणतो. काकाचा चालते का, मोहसीनभाऊ?

मोहसीन : अब्बांनी तं कधी बसवला नाई.

रागिणी : बाबा म्हणते, प्लायवूडचा तुकडा ठोकून घे, सासरी कोण पाहते. मले काकाचा नको अन् प्लायवूड तं नकोच नको. मामानं आणलेला पायजे. नाई तं भोक तसंच राहू द्या.

मोहसीन : ताई, आतल्या साड्या दिसतील.

रागिणी : दिसू द्या.

मोहसीन : उंदीर जाईन.

रागिणी : जाऊ द्या. विचारलं कोणी तं सांगीन, ही मामाची जागा आहे.

मोहसीन : नगमा, तू काही सांग ना. माझ्या दुकानातून भोक असलेलं कपाट…

नगमा : गेली लाइन.

रागिणी : पंधराव्या टप्प्यावर होती मी.

नगमा : पंधरा लय झाले पयल्या दिवशी. मी सातवर मेली होती… अहो, आपल्या कपाटाची चौकट केवढी आहे?

मोहसीन : एवढीच. अब्बांचा मापाचा फर्मा एकच होता.

नगमा : त्याचा आरसा कोणी आणला होता?

मोहसीन : तुझ्या मामूनं. धामणगावहून रेल्वेत, मांडीवर घेऊन. मूर्तिजापूरपर्यंत कोणाले बाजूले बसू नाई दिलं. भांडणं झाले डब्यात.

नगमा : मामू म्हणजे मामाच ना?

मोहसीन : मामाच.

नगमा : मंग काढा तो.

मोहसीन : काय काढू?

नगमा : आरसा. आपल्या कपाटाचा काढा, हिच्या कपाटाले बसवा.

रागिणी : भाभी, वेड लागलं का? तो तुमच्या मामाचा आहे.

नगमा : मामाचाच पायजे ना तुले? मामानंच आणला आहे. कोणाच्या मामानं, ते अब्बांच्या नियमात कुठं आहे?

मोहसीन : नाई, तसं अब्बांनी काही सांगितलेलं नाई. त्यांले वाटलं नसन का कोणी विचारन.

रागिणी : अन् पयले पोरीनं पाहायचं ते? पाच वर्षं तुमी पाहून राहिल्या त्यात.

नगमा : पयले पाहिलं तेव्हा मी नवरीच होती. नवरीनंच पाहिलं, नियम पूर्ण झाला. अन् आता कुठं पाहते मी? हा झाल्यापासून आमच्या कपाटासमोर पाळणा आडवा आहे. मधात गेली का हा उठते. दीड वर्षात मले माझं तोंड नाई दिसलं. पाहिलं असन तं ह्यांनी.

मोहसीन : ठीक हाय तसं.

नगमा : पाहा, सांगितलं.

रागिणी : तुमच्या मामाले काय वाटन?

नगमा : मामूले वाटन का आरसा परत नवरीसाठी प्रवासाले निघाला. तू टेम्पोत पुढं बस अन् कपाट मागं आडवं ठेवू नको, उभं बांध. आरसा खाली गेला नाई पायजे.

मोहसीन : नगमा, एकदा विचार कर. लग्नाचा हाय तुझ्या.

नगमा : केला. ती चौदाचा टप्पा पार करून राहिली होती तेव्हाच केला. तुमी पेचकस घ्या. हळू काढा, पाळण्याले धक्का नका लावू.

रागिणी : भाभी.

नगमा : काय?

रागिणी : मी काय देऊ तुमाले?

नगमा : काही नाई. तेल्हाऱ्याले गेम नसन, मंग इकडं माहेरी आली का ये. मॅनेजर वर बसला आहे अजून. दोघी मिळून काढू त्याले खाली.

रागिणी : तुमची ही बटणं ढिली आहेत.

नगमा : ढिली झाले. नट मिळत नाईत त्या मापाचे.

रागिणी : कुलदीपजवळ डबा पाठवते. सगळ्या मापाचे आहेत त्यात.

नगमा : पाठव.

मोहसीन : निघाला, एका बाजूनं निघाला. ताई, तुमी धरा जरा खालून. हं. कपड्यात गुंडाळा, पाहू नका अजून. बसवला का मंग पाहा, नियम नियम हाय. नगमा, अन् आपल्या दाराले हे भोक पडलं त्याचं?

नगमा : कम्प्युटर आत आणा. एकच फर्मा आहे म्हटलं ना तुमी.

मोहसीन : म्हणजे होडी आता आपल्या कपाटात.

नगमा : माझ्या कपाटात. अन् पाळणा थोडा सरकवा, दांड्यापर्यंत हात गेला पायजे.

मोहसीन : सारं ठीक हाय. पण तू तोंड कशात पाहशील?

नगमा : लाइन जाते ना रोज.